हजर, मुकुंदवाडी

शर्टाच्या वरच्या खिशातून इअरफोनची वायर काढायची, तिची गाठ सोडवायची, एक बोंड शर्टाच्या टोकाला पुसायचं आणि समोरच्यापुढे धरून म्हणायचं, "एक कान द्या."

मामांची आणि माझी ओळख याच तीन शब्दांनी झाली. कंपनीत रुजू होऊन मला चार दिवस झाले होते. डबा उघडून पहिला घास घेणार, तेवढ्यात टेबलापलीकडून हात पुढे आला. कान देणं म्हणजे ऐकणं, एवढं मराठी मलाही येत होतं. पण हा माणूस खरोखरचा कान मागत होता.

"घ्या हो ताई. चावत नाय ते," मामा म्हणाले.

मी बोंड कानात घातलं. कुठल्याशा एसटीच्या कंडक्टरनं रिकाम्या गाडीत बसून, पुढच्या सीटच्या दांड्यावर ठेका धरून, स्वतःच रचलेलं गाणं म्हटलं होतं. खिडकीजवळच्या जागेवरून लोक कसे भांडतात, असं काहीतरी. आवाज साधाच, पण माणूस मनापासून गात होता. गाणं संपल्यावर मामांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि खालच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"एक्केचाळीस जणांनी ऐकलंय. तुम्ही बेचाळिसाव्या."

हे त्यांनी अशा थाटात सांगितलं, की मला वाटलं आपल्याला बढतीच मिळाली. त्या नादात माझी भाकरी गार झाली.

असा माणूस तुमच्याही माहितीत असेल. कुणाला जुनी नाणी जमवायचा नाद असतो, कुणाला लग्नं जुळवायचा. मामांना नाद होता कुणी न ऐकलेली गाणी ऐकायचा.

आमची कंपनी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत. पंपाचे सुटे भाग बनवते. मामा तिथे टाइमकीपर, म्हणजे हजेरीचे कारकून. गेटाला लागून एक खोली, खोलीत एक टेबल, टेबलावर लांबलचक मस्टर आणि दोन पेनं, एक निळं, एक लाल. आणि मी आले ती अंगठ्याच्या मशीनबरोबर. मशीन भिंतीवर लागलं आणि ते चालवायला कंपनीनं मला घेतलं. सरळ सांगायचं तर त्यांचं काम काढून घ्यायला आलेली बाई मी. दुसऱ्या कुणी माझ्या चहात मीठ घातलं असतं. मामांनी अर्धं टेबल पुसून दिलं.

"मशीन अंगठा बघतं, ताई," ते म्हणाले. "मी तोंड बघतो. दोघं मिळून करू."

आणि खरंच, मशीन लागल्यावरही रिटायर होईपर्यंत त्यांनी मस्टर सोडलं नाही. कुणी मागत नव्हतं, कुणी तपासत नव्हतं. रोज सकाळी ते गेटाशी उभे राहायचे, एकेकाचा चेहरा बघायचे आणि निळ्या शाईनं 'ह' लिहायचे. गैरहजर असेल तर लाल शाईनं 'गै'.

'ह'च्या बाबतीत ते फार कडक. एकदा गेटावरचा सिक्युरिटीवाला त्यांच्या मागे लागला. भावाचं लग्न होतं आणि त्याची रजा संपलेली.

"मामा, एकीच दिन की तो बात है. लिख दो ना हाजिर."

"तू हितं नसशील तर मी कुणाला हजर लिहू? तुझ्या टोपीला?"

"अरे मामा, कौन देखता है?"

"मी बघतो ना."

त्या दिवशी त्याच्या रकान्यात लाल 'गै' पडला. त्याच संध्याकाळी मामा त्याच्या भावाच्या लग्नात पोटभर जेवून आले. एकदा दाताच्या दवाखान्यात दोन तास गेले, तर स्वतःच्याच नावापुढे त्यांनी लाल शाईनं अर्धा दिवस मांडला. मी हसले, तर म्हणाले, "हजर म्हणजे हजर, ताई. नुसतं शरीर आणून उपयोग नाय."

गाणी शोधायची त्यांची रीत मजेशीर होती. लिहिताना ते भयंकर चुकत. ऱ्हस्व-दीर्घ सोडाच, अख्खी अक्षरं गाळत. त्यामुळे मोबाइल त्यांना भलतीकडेच घेऊन जायचा. सगळं जग जिथे जातं तिथे मामा कधी पोहोचलेच नाहीत. ते पोहोचायचे बीदरकडच्या एका रिक्षावाल्याकडे, जो दखनीत विरहाची गाणी रचायचा आणि मधेच हॉर्न वाजवायचा. सातपुड्याच्या पायथ्याच्या दोन बहिणींकडे, ज्या पालथ्या घागरीवर ताल धरून त्यांच्या बोलीत गायच्या. आम्हाला शब्द कळत नसत. मामा म्हणायचे, "न कळलं तरी चालतंय. त्यांना कळतंय ना."

"शुद्ध लिहिणाऱ्याला तेच ते दिसतं," असंही ते म्हणत. "चुकणाऱ्याला नवीन घावतं."

त्यांचा एक नियम होता. ऐकणाऱ्यांचा आकडा दोनशेच्या वर गेला की ते गाणं सोडून द्यायचे. "पोरगं मार्गी लागलं. आता त्याला आपली गरज नाय," म्हणायचे आणि दुसरं शोधायला लागायचे.

आणि प्रत्येक गाण्याखाली एकच शेरा लिहायचे: 'हजर. मुकुंदवाडी.' मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनाच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. मी विचारलं, "मामा, शहराचं नाव का नाही लिहीत? बाहेरच्याला मुकुंदवाडी काय कळणार?"

"एकदा लिहिलं होतं. खाली भांडणं लागली, जुनं नाव का नवीन नाव. गाणं राहिलं बाजूला. मुकुंदवाडीवर कुणाचं भांडण नाय."

हे 'हजर' कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. मामा मूळचे सोयगावकडचे. वडील मेंढरं राखायचे. संध्याकाळी मेंढरं कोंडली की वडील गात गात गोष्ट सांगत, आणि लहानग्या मामांचं काम हुंकारा भरायचं. दर ओळीला 'हूं' म्हणायचं.

"एखादा हुंकारा चुकला, की बाप तिथंच थांबायचा. म्हणायचा, तू नाय तर मी कुणासाठी बोंबलायलो? ताई, गाणारा ऐकणाऱ्यासाठी गातो. हूं आलं नाय तर पुढची ओळ येत नाय. आता मोबाइलवर हूं कसं म्हणायचं? म्हणून हजर लिहितो."

मी हे ऐकून घेतलं आणि डब्याचं झाकण लावलं. तेव्हा मला ते नुसतं गोड वाटलं होतं.

मग ती मुलगी सापडली. वऱ्हाडातल्या कुठल्याशा गावची, बावीस-तेवीस वर्षांची. घरी शिवणकाम करायची आणि युकुलेलेवर स्वतःची गाणी म्हणायची. मामा त्याला पिल्लू गिटार म्हणत. आवाज घुमू नये म्हणून तिनं मागे दोरीवर गोधडी टांगलेली असायची, म्हणून आम्ही तिचं नाव ठेवलं गोधडीवाली. तिची गाणी कशावरही असत: संपत आलेल्या रिळावर, बटण हरवलेल्या शर्टावर, वीज गेल्यावर घरात कोण कुठे बसतं त्यावर. एका गाण्यात मागे कुकरच्या शिट्ट्या वाजल्या. मामा खूश. "पहिल्या दोन चुकल्या. तिसरी सुरात आली बगा."

तिचे ऐकणारे चाळीसच्या पुढे कधी गेले नाहीत. तिनं गाणं टाकलं की पहिला शेरा मामांचा. तिचं उत्तर ठरलेलं: 'धन्यवाद मुकुंदवाडीकाका.'

एकदा तिची गाणी बंद झाली. महिना गेला, दोन गेले. मामा रोज तिचं जुनंच गाणं लावून खाली लिहायचे, 'हजर. मुकुंदवाडी.' मी थट्टा केली, "मामा, शाळाच बंद आहे आणि तुम्ही दप्तर घेऊन दारात." ते हसले, पण लिहायचं थांबले नाहीत. आणि एक दिवस तिचं उत्तर आलं: 'काका, सोडून द्यायचं ठरवलं होतं. कुणी ऐकत नाही म्हणून. पण तुमची रोजची हजेरी बघून लाज वाटली. उद्या नवीन गाणं टाकते.'

ते उत्तर मामांनी स्टोअरवाल्यांना दाखवलं, कँटीनमध्ये दाखवलं, ज्याला 'गै' दिला होता त्या सिक्युरिटीवाल्याला दाखवलं. त्यांच्या आयुष्यात त्यांना कुणी प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं. हेच ते.

आता कानाचं सांगते.

मला नेहमी उजवंच बोंड का मिळतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. कुणी खायला दिलं तर आपण ते कुठून आलं विचारत नाही, तसं. पुढे कँटीनमध्ये कळलं, की मामा आधी प्रेसशॉपला होते. एका जुन्या कंपनीत वीस वर्षं पत्र्यावर पडणारे घण ऐकून त्यांचा उजवा कान गेला होता. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "व्हय. ते बोंड रिकामंच लोंबतं. वाया कामून घालवायचं?" म्हणजे मी इतकी वर्षं त्यांच्या गेलेल्या कानाच्या वाट्याचं ऐकत होते.

ऐकताना डोळे मिटायची त्यांना सवय होती. एके दिवशी असेच डोळे मिटून ते मान हलवत होते, बोटांनी टेबलावर ठेका धरत होते. माझ्या कानात काहीच येत नव्हतं. मी मोबाइलकडे पाहिलं. नेट अडकलं होतं आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं. गाणं सुरूच झालं नव्हतं.

"मामा," मी म्हणाले. त्यांनी मान हलवणं चालू ठेवलं. मी त्यांच्या बाहीला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या फिरणाऱ्या चाकाकडे. आणि ते इतके ओशाळले, की मला कुठे बघावं कळेना.

"कधीपासून?" मी जरा मोठ्यानं विचारलं.

"पोळ्यापासून. डावा पण चाललाय. बोलणं येतंय अजून, गाणं येत नाय. डॉक्टरनं मशीन दिलं, पण त्यात गाणं लागलं की पत्र्यावर गारा."

बराच वेळ ते इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "चार महिने झाले, ताई. पोरीला खोटी हजेरी लावतोय मी."

एका 'ह'साठी माणसांशी वैर घेणारा हा माणूस. त्याला हे किती लागलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. मी म्हणाले, "मग तिला सांगून टाका." त्यांनी जोरजोरात मान हलवली. "आधीच सोडायला निघाली होती. एवढा एक ऐकणारा, तो पण बहिरा निघाला म्हणलं तर काय करंल ती?"

मग त्यांनी तोडगा काढला. "तुम्ही ऐका अन् मला सांगा. तुमचा कान, माझी सही. मग हजेरी खरी धरायला हरकत नाय."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत मी ऐकायची आणि कोऱ्या कागदावर लिहून द्यायची. पहिल्या दोन ओळी हळू. तिसरीला आवाज चढतो. इथे हसते. मामा कागद वाचत, पडद्यावरच्या तिच्या ओठांकडे बघत आणि बरोबर जागेवर मान हलवत. एकदा मी मधली जागा मोकळी सोडली.

"हितं काय आहे?"

"काही नाही मामा. नुसतं वाजवते."

"मग तसं लिहा ना. नुसतं वाजवते ते पण ऐकायचं असतं."

मी लिहिलं. खरं सांगते, गाणं कसं ऐकतात ते मी त्या बहिऱ्या माणसाकडून शिकले. त्याआधी माझ्या घरात गाणी वाजत होती, ऐकत कुणी नव्हतं.

मामा रिटायर झाले. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. त्यांनी स्वतःहून एकच गोष्ट मागितली, उरलेलं एक कोरं मस्टर. साहेब हसले आणि देऊन टाकलं. फोनवर बोललेलं त्यांना नीट ऐकू यायचं नाही, म्हणून मग आमचं मेसेजवर चालू राहिलं. गाणं आलं की ते मला पाठवायचे, मी घरी पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि सविस्तर लिहायची. पुढे सविस्तर थोडक्यात झालं. मग 'छान आहे' झालं. कुणाचं होत नाही असं? पण कुणाचं होतं म्हणून माझं माफ होत नाही.

मार्चमध्ये माझ्या मुलीची दहावीची परीक्षा आणि कंपनीत तपासणी, दोन्ही एकदम आलं. मी गेटाशी मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाबरोबर वाद घालत होते, तेव्हा मेसेज आला: 'ताई पोरीच नवीन गाण आल. चप्पल. कसय?'

मी गाणं उघडलं नाही. नाव वाचलं. रिळावर गाणं, बटणावर गाणं, आता चपलेवर. मला वाटलं गमतीचंच असणार. एका हातानं लिहिलं: 'मजेशीर आहे मामा. हसून हसून पुरेवाट.' आणि पुन्हा त्या मशीनवाल्याकडे वळले.

चार दिवसांनी मामा गेटावर आले. उन्हातून चालत आलेले, कपाळावर घाम. मी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मोबाइल काढून त्यांनी मला दाखवला. 'चप्पल' या गाण्याखाली त्यांचा शेरा होता: 'हजर. मुकुंदवाडी. लई मजा आली. हसून हसून पोट दुखल.' त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं: 'काका, तुम्हाला काळीज आहे का?' आणखी कुणीतरी: 'लाज वाटू द्या.' तिचं उत्तर कुठेच नव्हतं.

"ताई, पोर रागावली का? काय चुकलं माझं?" मामांनी विचारलं. "व्हिडिओत तिचे डोळे भरलेले दिसले. म्हणलं, हसून आलं असंल पाणी."

त्यांनी खिशातून वायर काढली, गाठ सोडवली, बोंड शर्टाला पुसलं. "एक कान द्या."

मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं ते मामांच्या समोर उभी राहून.

चप्पल तुमची दारात बाबा, तोंड अजून वाटेकडं
पाय तेवढे घेऊन गेलात, जोड ठेवला आमच्याकडं

तिचे वडील गेले होते. गाण्याआधी ती तेच सांगत होती, पंधरा दिवस झाले म्हणत होती. मागे गोधडी होती आणि गोधडीखाली एक चपलांचा जोड ठेवला होता. तो पडद्यावर मामांनीही पाहिला असणार. पण मी मजेशीर म्हटलं होतं, म्हणून त्यांनी तो मजेचा धरला.

मामा माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं: मामा, मी ऐकलं नव्हतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही. पण गेटाशी माणसं उभी होती, मशीन पुन्हा बंद पडलं होतं आणि मी भित्री निघाले.

"गाणं मजेशीरच आहे, मामा," मी म्हणाले. "लोकांना काहीही टोचतं. मनावर घेऊ नका."

ते थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "व्हय का." वायर गुंडाळली, खिशात ठेवली. "मग ठीकंय. कामाला लागा, ताई. पोरीच्या पेपरला माझ्याकडून दही द्या."

त्यानंतर त्यांचा गाण्याचा मेसेज कधी आला नाही. गोधडीवालीचं नवीन गाणंही आलं नाही. परीक्षा संपली की सांगू, निकाल लागला की सांगू, असं करत मी उन्हाळा काढला. गणपतीत त्यांच्या घरी जायचंच, असं ठरवलं होतं. मोदक करून न्यायचे आणि सगळं सांगून मोकळं व्हायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी जेवून आडवे झाले ते मामा उठलेच नाहीत. कंपनीतून आम्ही चौघं गेलो. सिक्युरिटीवाला सगळ्यांत जास्त रडला.

दहाव्याला मी पुन्हा गेले. मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला आत बोलावलं. मामींना गाण्याचं वेड अजिबात नव्हतं. मामा त्यांना बोंड देऊ लागले, की त्या म्हणायच्या, भांडी घासताना माझी मी गाते तेवढं बास. त्यांनी कपाटातून ते मस्टर काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे तुम्हाला द्यायचं म्हणत होते."

मी उघडलं. नावांच्या रकान्यात कामगारांऐवजी गाणारे होते. कंडक्टर. हॉर्नवाला. घागरीवाल्या दोघी. गोधडीवाली. पुढे तारखा, रिटायर होण्याआधीच्याही, मोबाइलवरचे जुने शेरे बघून उतरवलेल्या, आणि प्रत्येक तारखेला निळा 'ह'. गोधडीवालीच्या ओळीवरून मी बोट फिरवत गेले. पोळ्यापासून चार महिने, आधी निळे असलेले 'ह' लाल शाईनं खोडून 'गै' केलेले होते. मग मी कागदावर लिहून द्यायला लागले तिथून पुन्हा निळे. आणि मार्चमध्ये, शेवटच्या चौकोनात, निळ्या 'ह'वर लाल रेघ आणि शेजारी 'गै'. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'ऐकल नव्हत.'

मी मामींकडे पाहिलं.

"गेटावरून आले त्या दिवशी मला म्हणले, जरा ऐक अन् सांग काय म्हणतीय," मामी म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा मी ते कानात घातलं. म्हणलं, अहो, ही तर बापाला रडायलीय. उठून मस्टर काढलं, लाल पेन घेतलं. मी म्हणलं, मग लिहा तिला, की मला ऐकू येत नाय, मला दुसऱ्यानं सांगितलं. तर म्हणले, खरं लिहायचं तर ताईचं नाव निघंल. तिच्या लेकीचे पेपर होते, तिचं ध्यान नव्हतं. तिला काही बोलू नको."

मामी पदरानं मस्टरवरची धूळ पुसत होत्या. धूळ नव्हतीच. "सहा महिने त्या पोरीचं गाणं उघडून बसायचे. लिहायचे काही नाय."

मला गेटावरचं ते पाहणं आठवलं. मशीन अंगठा बघतं, मी तोंड बघतो. त्यांनी माझं तोंड बघून तिथेच ओळखलं होतं, आणि ती मुलगी आपल्याला बिनकाळजाचा समजते हे पत्करून, मला सांभाळून, ते गप्प राहिले. लाल शाईचा तो 'गै' माझा होता. तो त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला.

घरी येऊन मी 'चप्पल'खाली सगळं लिहिलं. मामांचा कान, माझा कागद, त्या दिवशी मी न उघडलेलं गाणं. शेवटी लिहिलं की काका आता नाहीत, आणि तुम्हाला वाईट वाटेल असं त्यांनी जाणूनबुजून काही लिहिलं नव्हतं. उत्तर आलं नाही. मी रोज बघायची. थंडी पडली तरी उत्तर नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत पाहिलं, तिचं नवीन गाणं आलं होतं. मी डबा बाजूला ठेवला. मामींनी मस्टरबरोबर मामांचा इअरफोनही दिला होता. सवयीनं मी उजवं बोंड कानात घातलं. डावं टेबलावर लोंबत राहिलं.

मागे तीच गोधडी. ती समोर येऊन बसली, पिल्लू गिटार मांडीवर घेतली. वाजवायच्या आधी तिनं मान वर केली आणि वर्गात हजेरी घेतात तसं एक नाव पुकारलं.

"मुकुंदवाडी?"

आणि थांबली. नाव पुकारल्यावर मामा मस्टरवर पेन धरून जेवढे थांबायचे, तेवढी थांबली. तिच्या घरामागे कुठेतरी बकरी ओरडली. मग तिनं मान खाली घातली आणि गायला लागली.

खाली लिहायची जागा मोकळी होती. तिथे 'हजर' लिहायला माझा अंगठा गेला आणि तिथून मागे आला. दुसऱ्याची हजेरी लावायची नसते. ती एकदा लावली होती मी.

जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. मी उठले नाही. दुसरं कडवं झाल्यावर ती बराच वेळ गात नाही, नुसतं वाजवते.

तेही ऐकलं.